शिवणखोली, रिकामी

१

पाकिटावर नुसतं ‘निवास’ लिहिलं तरी पत्र आमच्याकडे बरोबर येतं. देशाचे मोठे साहेब इथे राहतात. साहेब पाच-सहा वर्षांनी बदलतात, घर बदलत नाही. माझ्या ओळखपत्रावर ‘मुख्य व्यवस्थापिका’ असं छापलंय, पण त्यात मुख्य असं काही नाही. चादरी, पडदे, उशा आणि बत्तीस खोल्यांच्या किल्ल्या, एवढाच माझा संसार. माझ्या आधी हे काम आई करायची. अडतीस वर्षं केलं तिनं.

जुने साहेब गेले की नवे यायच्या आधी अकरा दिवस मिळतात. त्यांना आम्ही रिकामे दिवस म्हणतो. नाव रिकामे, पण कंबर मोडते ती याच दिवसांत. गालिचे गुंडाळायचे, पडदे उतरवायचे, झुंबरं पुसायची, प्रत्येक खुर्ची-मेजावर पांढरी खोळ घालायची. शेवटी फेरी. फेरीला दोन माणसं लागतात. एकानं खोलीत जायचं, खिडक्या बघायच्या, कपाटं उघडून बघायची आणि बाहेर यायचं. दुसऱ्यानं दारात वही घेऊन उभं राहायचं. आतलं माणूस बाहेर आलं की दारातल्यानं एक श्वास थांबायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, “दिवाणखाना, रिकामा.” “जिन्याखालची खोली, रिकामी.” मग वहीत खूण, मग कुलूप. एकदा कुलूप लागलं की नव्या साहेबांचं सामान येईपर्यंत ते दार कुणी उघडायचं नाही.

हा एक श्वास कशाला, असं मी नोकरीला लागले तेव्हा आईला विचारलं होतं.

“कुणी राहिलं असेल तर त्याला निघायला वेळ नको का द्यायला?”

“अगं, आत्ताच तू आत जाऊन बघून आलीस ना?”

“बघितलं म्हणजे दिसलंच असं थोडंच आहे,” आई म्हणाली. “आणि एक लक्षात ठेव. आत माणूस असताना रिकामी म्हणायचं नाही. चुकूनसुद्धा नाही. ते त्या माणसाला बरं नाही.”

बरं नाही म्हणजे काय, ते तिनं सांगितलं नाही. आईचं हे असंच होतं. अर्ध्या गोष्टींचं कारण सांगायची, अर्ध्यांचं गिळून टाकायची.

यंदा घराला दीडशे वर्षं होतात, म्हणून इतिहासाचे एक सर पुस्तिका लिहायला आले होते. ते वाचनालयात बसून जुने नकाशे उलगडायचे. एका व्यापाऱ्यानं हौसेनं हे घर बायकोसाठी बांधलं, ती दोन उन्हाळे राहिली आणि कंटाळून माहेरी निघून गेली. मग इथे शाळा झाली, लढाईच्या दिवसांत दवाखाना झाला, आणि मग सरकारनं घेतलं. एवढं मलाही ठाऊक होतं. सरांना तारखा हव्या होत्या. तारखा माझ्याकडे नव्हत्या, कुठला पडदा कुठल्या वर्षी विटला ते मात्र होतं.

२

यंदा एक जास्तीचं काम निघालं होतं. नव्या साहेबांचे वडील चाकाच्या खुर्चीत असतात, त्यांच्यासाठी लिफ्ट बसवायची होती. त्यासाठी वरच्या मजल्यावरची, अगदी टोकाची शिवणखोली पाडायचं ठरलं. नवव्या दिवशी सकाळी फेरी, आणि दुपारी दोन वाजता गवंडी येणार होते.

शिवणखोली म्हणजे एक खिडकी, एक लांब मेज, भिंतीतलं कपाट आणि खिडकीशी एक आरामखुर्ची. आईची खोली ती. ती निवृत्त झाल्यावर शिवणकाम बाहेर जायला लागलं आणि खोलीला कुलूप लागलं. गेल्या सहा वर्षांत मी तिथे पाच-सहा वेळा गेले असेन. गेले तरी दार लोटायचं, हवं ते घ्यायचं आणि निघायचं. फार थांबावंसं वाटायचं नाही. का, याचा मी कधी विचार केला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी आरामखुर्चीवर खोळ घातली. पॉलिशमामा खालून ओरडले, “पाडायच्या खोलीत खोळ कसली घालताय? बैल गेला नि झोपा केला!” पॉलिशमामा गेली वीस वर्षं इथलं लाकूड चकचकीत ठेवतात. त्यांचे गुडघे गेलेत, त्यामुळे जिना न चढता सल्ले द्यायची त्यांना सवय झालीय. मी म्हटलं, खुर्ची तर कोठारात जाणार आहे ना, धूळ कशाला खायला लावायची? नव्या खोळींना खाली बंद असतात. चारही पायांशी घट्ट गाठी मारल्या, कुलूप लावलं, किल्ली कमरेला अडकवली.

चौथ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर बंद सुटलेले होते. नुसते सुटलेले नाहीत, कात्रीनं कापून, गुंडाळून मेजावर ठेवले होते. खोळीचे कोपरे दोनदा दुमडून आतून टाचणी लावलेली होती. टाचणी आडवी, टोक कापडाच्या आत लपवलेलं, म्हणजे झटकताना कुणाच्या बोटाला टोचू नये.

ही घडी या घरात एकच बाई घालायची.

मी खुर्चीसमोर उभी राहिले आणि स्वतःला समजावलं. आपण वयाच्या पन्नाशीत आहोत. आईला बघत बघत मोठ्या झालो. हातांना तिची सवय लागलीच असणार. काल दमलो होतो, बंद लावले असं वाटलं, पण हातांनी जुनी घडी घातली. पटण्यासारखं होतं. पटलंही. फक्त खोलीत कात्री नव्हती, ती मी कालच खाली नेली होती.

३

आई माझ्याकडे असते. दिवसा शेजारच्या काकू तिच्याजवळ बसतात, संध्याकाळी मी येते.

तिला विसरायला लागून सहा वर्षं झाली. आधी किल्ल्या, मग रस्ता, मग माणसं. मला ती लाडानं ‘गडबडे’ म्हणायची, कारण माझी प्रत्येक कामात घाई. ते नाव जाऊन चार वर्षं झाली. आता मी ‘बाई’ आहे. “बाई, तुमचं घर छान आहे हो,” असं ती रोज एकदा सांगते. मी म्हणते, “तुमचंच आहे.” मग ती हसते, पटलेलं नसतं तरी.

बाबा गेले दोन वर्षांपूर्वी, एका दुपारी, घरीच. आई त्यांच्या पायथ्याशी बसून होती. हे कोण झोपलेत ते तिला ठाऊक नव्हतं, पण त्यांचे पाय तिनं सोडले नाहीत. संध्याकाळपर्यंत धरून बसली. मी हळूच सोडवायला गेले तर म्हणाली, “गार आहेत हो. राहू द्या.”

सगळं गेलं तरी तिचे हात शाबूत होते. हातरुमाल, टॉवेल, जुन्या साड्या दिल्या की ती दिवसभर घड्या घालत बसायची, कोपऱ्याला कोपरा लावून, एका सुताचा फरक नाही. डॉक्टर म्हणायचे, हातांची आठवण सगळ्यांत शेवटी जाते.

त्या चौथ्या दिवशी मी घरी आले तेव्हा टॉवेलांचा ढीग तसाच पडला होता. काकू म्हणाल्या, “काल संध्याकाळपासून हे असंच. टॉवेल हातात घेतात नि नुसत्या बघत बसतात.” मी आईच्या मांडीवर एक टॉवेल ठेवला. तिनं तो उलटा केला, सुलटा केला, आणि मला परत दिला.

“बाई, याचं काय करायचं असतं?” तिनं विचारलं.

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

४

आता लपवून काय उपयोग? जे केलं ते सांगते.

आई निवृत्त झाली त्याच दिवशी फेरी होती. सहा वर्षांपूर्वीची. आधीचे साहेब गेले होते, नवे त्याच संध्याकाळी यायचे होते. आई आत जायची, मी दारात वही घेऊन. तिची शेवटची फेरी म्हणून ती रमतगमत चालली होती. प्रत्येक खिडकीशी थांबत होती, कुठल्या पडद्याला कुठल्या साहेबांच्या सिगारेटीचं भोक पडलं ते सांगत होती. एकतिसावी खोली होईपर्यंत चार वाजले. खाली गाड्यांचे हॉर्न. कार्यालयातला माणूस जिन्यातून ओरडतोय, “किल्ल्या! किल्ल्या आणा!”

राहिली होती शिवणखोली. आई आत गेली आणि खिडकीशी पाठमोरी उभी राहिली. मी म्हटलं, “आई, चल ना.” ती म्हणाली, “थांब गं गडबडे, एक मिनिट.” हॉर्न पुन्हा वाजला.

मी थांबले नाही. तिकडे बघत बघत, तिची पाठ मला दिसत असताना, मी मोठ्यानं म्हटलं, “शिवणखोली, रिकामी.” आणि वहीत खूण केली.

आई वळली. तिचा चेहरा मला अजून आठवतो. रागावलेली नव्हती. हाक मारल्यावर ती आपल्याला की दुसऱ्या कुणाला, हे कळत नाही तेव्हा माणूस बघतं तसं बघत होती. मग ती बाहेर आली, मी कुलूप लावलं, आणि आम्ही किल्ल्या घेऊन धावतच खाली गेलो.

फाटकाशी बाबा सायकल घेऊन उभे होते, रोजच्यासारखे. आई त्यांच्याजवळ गेली आणि थबकली. मग मला हळूच म्हणाली, “हे आपल्यालाच न्यायला आलेत ना?” आम्ही तिघंही हसलो. मला वाटलं, थट्टा करतेय.

डॉक्टरांच्या मते हा आजार वर्षानुवर्षं आत वाढत असतो, एका दिवसात येत नाही. खरं असेल. मी डॉक्टरांशी वाद घालत नाही.

५

सहाव्या दिवशी भर दुपारी मी खालच्या मजल्यावर पडदे मोजत होते. डोक्यावर शिवणखोली. वरून टक टक आवाज आला. दोनदा, मग थोडं थांबून दोनदा. आई शिवताना बोटात पितळेची टोपी घालायची आणि कुणाला बोलवायचं असलं की ती मेजावर अशी वाजवायची. कबुतर असेल, असं मी म्हटलं. पॉलिशमामांनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा लाकूड घासायला लागले.

सातव्या दिवशी इतिहासाचे सर जिन्यावरून उतरत माझ्याकडेच आले. चेहरा उजळलेला होता.

“मॅडम, तुमच्याकडे असा खजिना आहे, आधी सांगायचं नाही का?”

“कसला खजिना?”

“त्या वरच्या बाई! टोकाच्या खोलीतल्या. मी नकाशाप्रमाणे भिंती बघत होतो. दार बंद होतं, पण आत कापड फाडल्याचा आवाज आला, म्हणून विचारलं कोण आहे. त्या म्हणाल्या, हातात काम आहे, दार उघडत नाही, काय हवं ते बाहेरून विचारा.” सरांनी वही माझ्यापुढे धरली. सहा पानं भरली होती. “कुठल्या साहेबांना कडक उशी लागायची, कुणाच्या मुलीनं पडद्याला आग लावली, पाहुण्यांच्या खोलीतलं कापड कुठल्या साली बदललं. तारखेनिशी! काय स्मरणशक्ती आहे हो त्या बाईंची!”

मी भिंत धरली. किल्ली माझ्या कमरेला होती.

“आणखी काय म्हणाल्या?”

सरांनी पान उलटलं. “हां. शेवटी मला विचारलं, गडबडे घरी गेली का? कुणी तुमच्या हाताखालची मुलगी आहे का? मी म्हटलं, माहीत नाही. तर म्हणाल्या, तिला सांगा, मी इथेच आहे. तिनं थांबायला सांगितलं नाही आणि निघायलाही सांगितलं नाही.”

सर गेल्यावर मी बराच वेळ पायरीवर बसून राहिले. भीती वाटत होती का? वाटत होती. पण त्या भीतीच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. आई वर होती. सहा वर्षं मी तिला घरी शोधत होते, आणि ती इथे बसून उशांचे अभ्रे शिवत होती. परवा दुपारी दोन वाजता ती भिंत पडणार होती.

त्या संध्याकाळी घरी आईनं घास गिळायचा कसा तेही विसरल्यासारखं केलं. दुधात कुस्करलेला पाव तिच्या ओठांवर तसाच राहिला. मी बोटानं गळा चोळला तेव्हा कुठे खाली गेला.

६

नवव्या दिवशी सकाळी आईला आंघोळ घातली, स्वेटर चढवला, केस विंचरले आणि टॅक्सीत बसवलं. नखं मी रविवारीच कापली होती. नखं कापताना ती माझं एक बोट घट्ट धरून ठेवते आणि कापून झाल्यावरही सोडत नाही.

फाटकावर जमादार होते. आईच्या वेळचे. आत जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाची नोंद करतात, साहेबांच्या सासूलासुद्धा सोडत नाहीत. निवृत्त माणसाला आत न्यायला परवानगी लागते, आणि ती माझ्याकडे नव्हती.

“जमादार, वरच्या मजल्यावर आत जायला माणूस नाही. पॉलिशमामांना जिना चढवत नाही. फेरीला दोघं लागतात.”

त्यांनी आईकडे बघितलं. आईनं त्यांना नमस्कार केला, अनोळखी माणसाला करतात तसा. जमादारांचे डोळे भरून आले.

“बाईंना परवानगी कोण देणार? उलट त्याच आम्हाला द्यायच्या,” ते म्हणाले आणि वहीत लिहिलं, ‘आत, दोन.’

तळमजल्यावरच्या खोल्या मी आणि पॉलिशमामांनी उरकल्या. आई जिन्याशी बाकावर बसून होती. मग मी तिचा हात धरून एक एक पायरी चढले. वरच्या खोल्यांत तिला दाराशी उभं करायचं, मी आत जाऊन बघायचं, बाहेर यायचं, श्वास थांबायचं, म्हणायचं. कायद्यात बसत नव्हतं, पण कायदा लिहिलेलाच कुठे होता? आई प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडे बघायची. दीड वाजेपर्यंत बाकीच्या एकतीस खोल्या झाल्या.

७

शिवणखोलीचं कुलूप उघडलं. दार ढकललं.

ऊन थेट खिडकीतून येत होतं, त्यामुळे आधी नुसता पांढरा उजेड दिसला. मग मेज. मेजावर अभ्र्यांची चळत, कोपऱ्याला कोपरा लावलेली. मग खिडकीशी कुणीतरी उभं होतं. पाठमोरं. पाठ ताठ, खांद्यावर मोजपट्टी, केसांचा अंबाडा घट्ट बांधलेला.

मी एकदा माझ्या हातात असलेल्या हाताकडे बघितलं. आई माझ्या शेजारीच होती, वाकलेली, स्वेटरची बटणं खालीवर लागलेली.

“बाई, ती कोण हो?” आईनं कुजबुजत विचारलं.

मी म्हटलं, “ती... शिवते इथे.”

“किती छान उभी आहे,” आई म्हणाली. “तिला घरी न्यायला कुणी आलं नाही का?”

आणि तिनं माझा हात सोडला. चार वर्षांत तिनं आपण होऊन माझा हात सोडला नव्हता. छोटी छोटी पावलं टाकत ती आत गेली, खिडकीच्या दिशेनं. त्याच वेळी आत कुणीतरी खोळ झटकली. पांढरं कापड फडकन वर गेलं आणि दारापासून खिडकीपर्यंत एक श्वासभर दुसरं काही दिसलं नाही.

कापड खाली आलं. खिडकीशी कुणी नव्हतं. माझ्यासमोर दारात आई उभी होती. स्वेटर तोच. पाठ ताठ.

“काय गं गडबडे,” ती म्हणाली, “किती वाळलीस! जेवतेस की नाही?”

मी तिच्या गळ्यात पडले. साबणाचा, खळीचा, तिचा स्वतःचा वास. मी लहान मुलीसारखी हुंदके देत होते आणि ती माझ्या पाठीवर थोपटत होती, दोनदा, मग थांबून दोनदा.

“पुरे आता. एक मिनिट थांब म्हटलं तर केवढं रडायचं ते. तुझे बाबा आले का फाटकाशी? खोळंबले असतील.”

माझं रडणं थांबलं. तिला माहीत नव्हतं. ज्या दुपारी बाबा गेले, त्या दुपारी ही आई इथे होती.

तेव्हा तिच्या खांद्यावरून मला आरामखुर्ची दिसली. खुर्चीवर खोळ होती, आणि खोळीखाली कुणीतरी बसलेलं होतं. दोन गुडघे, अगदी लहान. खाली झुकलेलं डोकं. तोंडाच्या जागी कापड किंचित आत जात होतं आणि बाहेर येत होतं.

“अगं, म्हण ना,” आई म्हणाली. “गवंडी आलेत बघ खाली. म्हण आणि लाव कुलूप.”

खरंच, खाली घमेली आदळल्याचा आवाज येत होता. माझ्या हातात वही होती. जे हवं होतं ते मला मिळालं होतं. एक शब्द म्हणायचा आणि आईला घेऊन घरी जायचं.

मी एक श्वास थांबले.

तेवढ्या वेळात मला तो पाव आठवला, ओठांवर राहिलेला. ते रोजचं वाक्य आठवलं, बाई, तुमचं घर छान आहे हो. ती नखं आठवली. बाबांचे पाय धरून बसलेली ती म्हातारी, जिला ते कोण हेही ठाऊक नव्हतं आणि तरी जी उठली नाही. सहा वर्षं मी तिला भरवलं होतं. तिला मी कुणीच वाटत नव्हते, पण ती माझी आई होती. हीसुद्धा आणि तीसुद्धा.

“शिवणखोली,” मी म्हटलं. आवाज खाली अंगणापर्यंत गेला असेल. “आत माणूस आहे.”

आईनं माझ्याकडे रोखून बघितलं. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. “शिकलीस एकदाची,” ती म्हणाली.

मी आत गेले. खोळ काढायची माझी हिंमत झाली नाही. कापडाखाली हात घातला आणि चाचपडले. एक हात हाताला लागला. कोरडा, कोमट. नखं रविवारी कापलेली. त्या हातानं माझं एक बोट घट्ट धरलं.

“चला,” मी म्हटलं. “घरी जाऊ या.”

आई पुढे चालत होती, मी मागे, आणि माझ्या मागे ते बोट धरलेलं कुणीतरी. मी वळून बघितलं नाही. बाहेर आल्यावर दाराशी थांबले, एक श्वास, पूर्ण. मग म्हटलं, “शिवणखोली, रिकामी.” या वेळी ते खरं होतं. आत उन्हाशिवाय काही नव्हतं.

फाटकावर जमादारांनी चष्मा लावला, आमच्याकडे बघितलं आणि वही ओढली. ‘बाहेर’ लिहिलं, आणि पुढे आकडा. मी वाचला. तीन.

“जमादार,” मी म्हटलं.

“ताई, फाटकातून जेवढे गेले तेवढे लिहायचे, एवढंच माझं काम,” ते वहीकडे बघतच म्हणाले. “मोजायला मी चुकत नाही.”

टॅक्सीत आई एका खिडकीशी बसली आणि मी दुसऱ्या. मधली जागा आम्ही दोघींनी न बोलता सोडली होती.

८

सरांची पुस्तिका नंतर छापून आली. शेवटच्या पानावर आभार आहेत, त्यांत ‘शिवणखोलीतील बाई’ असं एका ओळीत लिहिलंय. आता तिथे लिफ्ट आहे. साहेबांचे वडील दिवसातून दोनदा वर-खाली करतात.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवशी संध्याकाळचं.

घरी आल्यावर आई आपल्या खोलीत जाऊन पडली. मी बाहेर बसून शब्द जुळवत होते. बाबा गेले, हे कसं सांगायचं? दोन वर्षांपूर्वीचं मरण आज नव्यानं कुणाला कसं सांगतात? शेवटी उठले आणि तिच्या दाराशी गेले. दार लोटलेलं होतं. आत बोलणं चाललं होतं.

“आणि ते?” आईचा आवाज. ठसठशीत, कामावरचा.

मग दुसरा आवाज, आईचाच, पण हळू, शब्द शोधत बोलणारा.

“पाय गार होते. मी धरले होते.”

“त्रास झाला का त्यांना?”

“नाही. झोपले होते.”

“किती वेळ धरलेस?”

“ऊन जाईपर्यंत.”

मग नाक ओढल्याचा आवाज आला. आणि अंथरुणावर कुणीतरी सरकून जागा केल्याचा.

“बरं केलंस गं बाई,” आई रडत म्हणाली. “फार बरं केलंस. मला यायला जमलं नाही.”

म्हातारी माणसं एकटीच दोन आवाजांत बोलतात, हे मला माहीत आहे. डॉक्टरांनीही सांगितलंय. आजही एखाद्या दिवशी सकाळी ती मला गडबडे म्हणते, आणि एखाद्या दिवशी बाई. कधी टॉवेलची घडी येते, कधी येत नाही. आजार म्हटला की असं चालायचंच, असं काकू म्हणतात, आणि मी मान डोलावते.

त्या संध्याकाळी माझा हात दारावर होता. सवयीनं एक श्वास थांबले. मग हात काढून घेतला आणि तिथेच जमिनीवर बसले. म्हणायचं काही नव्हतं. आत माणसं होती.